तुम्ही संघ सोडलात की संघानं तुम्हाला?

प्रश्न थोडक्यात असा. एक गृहस्थ सतरा वर्षं एका इंग्लिश फुटबॉल क्लबचे कट्टर चाहते आहेत. मधल्या काळात क्लब विकला गेला आणि नव्या मालकांनी बोधचिन्ह बदललं. ज्याच्यामुळे ते या क्लबकडे वळले, तो मधल्या फळीतला खेळाडूही निघून गेला. गेल्या वर्षभरात त्यांना त्याच लीगमधला दुसरा एक संघ आवडू लागला आहे. मित्र म्हणतात, 'पलटी मारलीस.' त्यांचा प्रश्न आहे की खरा चाहता संघ बदलतो का, बदलला तर तो विश्वासघात ठरतो का, आणि सात वर्षांची मुलगी 'आपला संघ कोणता?' असं विचारते तेव्हा तिला काय सांगावं.

मी क्रीडा-मानसशास्त्रात काम करते. गेली वीस वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे चाहत्यांसमोर बसून त्यांना बोलतं करणं. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देते. संघ बदलणारे चाहते असतात, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. ज्यांच्यावर पलटी मारल्याचा शिक्का बसतो, त्यातल्या बहुतेकांनी काहीच बदललेलं नसतं. त्यांना क्लबशी बांधून ठेवणाऱ्या अनेक दोऱ्यांपैकी एखादी तुटलेली असते. कोणती तुटली हे कळेपर्यंत 'मी अजून चाहता आहे का' या प्रश्नाला उत्तरच नसतं.

माझ्याकडे एकदा असेच एक गृहस्थ आले होते. तीन वर्षांपूर्वी जुना क्लब सोडला, आता नव्याचा आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मी वाद घातला नाही. दोन्ही संघांच्या शेवटच्या पराभवाबद्दल सांगा, एवढंच म्हटलं. नव्या संघाबद्दल ते छान बोलले. 'त्यांची डावी बाजू उघडी पडत होती, प्रशिक्षकानं बदली खेळाडू उशिरा उतरवले.' मग जुन्या संघाकडे आले. आवाज खाली गेला, हात गुडघ्यांवर आले. 'शेवटची दहा मिनिटं आपण पुढे सरकलोच नाही हो. आपण घाबरतो. नेहमीच घाबरतो.' नव्या संघासाठी 'त्यांची' आणि जुन्यासाठी 'आपण'. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी टिपण वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले.

हा सर्वनामाचा धागा माझा शोध नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या निमित्तानं यावर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत त्यांनी सामन्यानंतरच्या सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात ते मोजलं. संघ जिंकला असला की असे कपडे जास्त दिसत. मग फोनवरून विद्यार्थ्यांना सामन्याचं वर्णन करायला सांगितलं, तर विजयाच्या वर्णनात 'आम्ही' जास्त वेळा आलं आणि पराभवाच्या वर्णनात कमी. यशाच्या उजेडात जाऊन उभं राहायची माणसाला ओढ असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण याचा अर्थ असाही होतो की संघ हरल्यावरही ज्याच्या तोंडी 'आपण' कायम राहतं, त्याचं नातं वेगळ्या जातीचं असतं. म्हणून मी कुणालाही संघाच्या विजयाबद्दल विचारत नाही. पराभवाबद्दल विचारते.

आता त्या दोऱ्यांकडे येऊ.

सगळ्यात चटकन बांधली जाणारी आणि तितक्याच चटकन सुटणारी दोरी म्हणजे खेळाडू. २०२३ च्या उन्हाळ्यात लिओनेल मेस्सी इंटर मायामीत गेला, आणि इन्स्टाग्रामवर दहा लाखांच्या आसपास अनुयायी असलेल्या त्या क्लबचा आकडा काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढला. त्याआधी क्रिस्तियानो रोनाल्डो अल नस्रमध्ये गेला तेव्हाही हेच झालं. या लोकांना क्लब बदलणारे म्हणणं मला चुकीचं वाटतं. त्यांची निष्ठा माणसाशी होती आणि ते माणसामागून गेले. माझ्या मते ते पूर्ण प्रामाणिक आहेत. फक्त खेळाडूची कारकीर्द पंधरा-वीस वर्षांची असते आणि अनेक क्लबांचं आयुष्य शतकाहून जास्त, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.

याची दुसरी बाजू भयंकर आहे. जुलै २००० मध्ये लुईश फिगो बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदमध्ये गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये तो बार्सिलोनाच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर, कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा त्याच्या दिशेनं बाटल्या आल्या, आणि डुकराचं मुंडकंही. सामना काही वेळ थांबवावा लागला. इतका राग कशाचा? खेळाडूसाठी ती नोकरीतली बदली असते. चाहत्याला मात्र वाटतं की आपण दोघांनी एकच शपथ घेतली होती आणि ती यानं मोडली. ज्याला स्वतःला जाता येत नाही, त्याला जाणारा माणूस सहन होत नाही. तुमच्या मित्रांच्या 'पलटी मारलीस'मध्ये याचा थोडा अंश आहे, तो ओळखा.

दुसरी दोरी जागेची, रंगांची, नावाची. ती दिसत नाही, पण मालकांनी तिला हात घातला की कळतं किती घट्ट आहे. कार्डिफ सिटी हा निळा संघ. २०१२ मध्ये मालकांनी जर्सी लाल केली. त्याच लाल जर्सीत संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतही पोहोचला, तरी चाहत्यांची निळ्याची मागणी थांबली नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आणावा लागला. यश मिळालं म्हणून रंग विसरले, असं झालं नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये २००५ साली रेड बुल या पेय कंपनीनं क्लब घेतला आणि जांभळा-पांढरा जाऊन लाल-पांढरा आला, तेव्हा चाहत्यांच्या एका मोठ्या गटानं ऑस्ट्रिया साल्झबुर्ग हे जुनं नाव आणि जांभळा रंग घेऊन क्लब नव्यानं उभा केला, अगदी तळाच्या विभागातून. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेड कर्जाच्या जोरावर विकत घेतला गेला, त्याला विरोध करणाऱ्या काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. मग कट्टर कोण? जे युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, जात राहिले ते, की जे बाहेर पडले ते? मी दोन्हीकडच्या बाजू पुष्कळ ऐकल्या आहेत आणि दोघांनाही मी कट्टरच म्हणेन. एकानं जागा धरली, दुसऱ्यानं तत्त्व.

विम्बल्डनची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगावीशी वाटते, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिच्यात आहे. १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकणारा हा छोटा क्लब. १९९१ मध्ये त्याचं स्वतःचं मैदान सुटलं आणि तो दुसऱ्याच्या मैदानावर खेळू लागला. मग मालकांनी लंडन सोडून मिल्टन कीन्स या शहरात जायचं ठरवलं. मे २००२ मध्ये तीन सदस्यांच्या समितीनं दोन विरुद्ध एक अशा मतांनी परवानगी दिली. क्लबच्या चाहत्यांपुढे दोन वाटा होत्या, एकतर मागोमाग जा किंवा फुटबॉल सोडा. त्यांनी तिसरी काढली. काही दिवसांत नवा क्लब स्थापन केला, एएफसी विम्बल्डन, आणि जून महिन्यात विम्बल्डन कॉमनच्या उघड्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवली. सुमारे २३० जण आले. पहिला सराव सामना ४-० असा हरले, आणि तो बघायला साडेचार हजारांहून जास्त माणसं होती. त्या पहिल्या मोसमात तळाच्या अर्ध-व्यावसायिक लीगमध्ये या क्लबला सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक मिळाले. कित्येक पायऱ्या वर खेळणाऱ्या मूळ विम्बल्डनच्या सरासरीपेक्षा हा आकडा जास्त होता. नऊ मोसमांत पाच वेळा वरच्या श्रेणीत बढती मिळवून २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या चार श्रेणींत पोहोचले, ल्युटन टाऊनला पेनल्टीवर हरवून. नोव्हेंबर २०२० मध्ये ते प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानाच्या अगदी जवळ, स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये परतले.

कागदोपत्री बघितलं तर या लोकांनी क्लब बदलला. खेळाडूंचे करार, लीगमधली जागा, परवाना, सगळं मिल्टन कीन्सला गेलं आणि हे सगळे दुसऱ्याच एका संस्थेला पाठिंबा देऊ लागले. तरी त्यांना पलटी मारणारे म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. क्लब म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त स्पष्ट ठाऊक होतं. आणि न्यायाचं बोलायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिल्टन कीन्समध्ये २००४ साली सहा वर्षांचा एखादा मुलगा बाबांचा हात धरून पहिल्यांदा मैदानात गेला असेल, तर आज तो विशीच्या शेवटाला आलेला चाहता आहे आणि त्याचं प्रेमही अस्सलच आहे. त्यानं कुणाचं काही हिरावलेलं नाही.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक मांडणी केली, ती मी चाहत्यांना नेहमी सांगते. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा असली की माणूस जायचं लांबवतो आणि आवाज उठवतो. साबण बिघडला तर गिऱ्हाईक दुसरा घेतं, म्हणून साबणवाला घाबरून असतो. क्लबच्या मालकाला मात्र पक्कं माहीत असतं की हा माणूस कुठे जाणार नाही. फुटबॉल चाहत्याची सगळी अडचण इथे आहे. त्याची निष्ठाच त्याच्या विरोधात वापरली जाते.

ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. मालकांवर नाराज असलेल्या हजारो लोकांनी घरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. बघायचं नाही, पैसा द्यायचा नाही, पण दुसऱ्या संघाकडेही जायचं नाही. २०१७ मध्ये संघ लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर बढतीचा निर्णायक सामना खेळला आणि जिंकला, त्या दिवशीही पुष्कळ जण घरी बसले. क्लबचा कारभार त्या मालकांच्या हातून गेल्यावर मार्च २०१९ मध्ये साउथएंडविरुद्धच्या सामन्याला पंधरा हजारांहून जास्त माणसं परत आली. वर्षानुवर्षं स्वतःच्याच संघाच्या मैदानात पाऊल न टाकणं ही बेइमानी आहे, असं कुणी म्हणालं तर मला ते पटणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग या स्वतःच्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली तेव्हा त्याच क्लबांचे चाहते स्टेडियमबाहेर उभे राहिले. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. क्लबशी निष्ठा आणि क्लब चालवणाऱ्यांशी निष्ठा या दोन गोष्टी आहेत. तुमचा मालकांवरचा राग तुमच्या प्रेमाच्या खात्यातून वजा करू नका.

आता पराभवांबद्दल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्याचं फुटबॉलइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९९८-९९ मध्ये मँचेस्टर सिटी तिसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि घरच्या सामन्यांना सरासरी अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं येत होती. संडरलंड लागोपाठ दोन वर्षं खाली घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला, आणि २०१८ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६ हजारांहून जास्त प्रेक्षक आले. रेंजर्सला २०१२ मध्ये दिवाळखोरीनंतर स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली, तिथल्या पहिल्या घरच्या लीग सामन्याला ४९ हजार. संशोधक मार्था न्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रीमियर लीगच्या सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अपयशी क्लबांच्या चाहत्यांची तुलना केली, तेव्हा एकमेकांशी जास्त घट्ट जोडलेले आढळले ते अपयशी क्लबांचे चाहते. एकत्र सोसलेलं दुःख माणसांना बांधतं. मुलाखतींतही मला हेच दिसतं. विजेतेपदाची आठवण लोक दोन वाक्यांत सांगतात. पदावनतीच्या दिवशी बसमध्ये शेजारी कोण होतं, कोण रडलं, रेडिओ कुणी बंद केला, हे पंचवीस वर्षांनीही बारीकसारीक तपशिलांसह सांगतात.

मग वारा पाहून पाठ फिरवणारे नसतातच का? असतात. डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी १९९० मध्ये दाखवलं की संघाशी कमी जोडलेले लोक पराभवानंतर चटकन अंतर घेतात आणि घट्ट जोडलेले तसं करत नाहीत. पण अशा लोकांना मी दोष देत नाही. संघाची ओळख होणं, तो आवडणं, तो आपल्यात रुजणं आणि मग काहीही झालं तरी टिकणं, अशा पायऱ्या असतात, आणि पुष्कळ लोक दुसऱ्या पायरीवर आनंदात असतात. दुसऱ्या पायरीवरून उतरणं म्हणजे विश्वासघात नव्हे. तिथं वचनच दिलेलं नसतं. दरवर्षी विजेत्याच्या जर्सीत दिसणाऱ्या माणसाला हिणवू नये असं मला मनापासून वाटतं. तो एका मोठ्या गोष्टीला मुकतो आहे, एवढंच.

तुमच्यासारख्या दुरून, पडद्यावर बघणाऱ्या चाहत्यांबद्दल एक खास गोष्ट. तुमचं प्रेम कमी दर्जाचं नाही, पण तुमच्याकडे दोऱ्या कमी असतात. स्टेडियममधल्या चाहत्याला वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसणारा माणूस असतो, वडिलांबरोबर चाललेला रस्ता असतो. खेळाडू गेला तरी बाकीच्या दोऱ्या त्याला धरून ठेवतात. दुरून बघणाऱ्याकडे बहुधा तीनच असतात, म्हणजे खेळाडू, खेळण्याची शैली आणि ज्यांच्याबरोबर सामना बघायचा ते मित्र. तुमचा आवडता खेळाडू गेला, नव्या मालकांबरोबर शैलीही बदलली असणार. म्हणजे तीनातल्या दोन एकाच वेळी तुटल्या. मन दुसरीकडे वळलं याचं मला आश्चर्य वाटत नाही.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे की निर्णय जाहीर करू नका. एक पूर्ण मोसम जाऊ द्या. दोन्ही संघ बघा आणि सामना संपल्यावर अर्ध्या तासात दोन ओळी लिहून ठेवा, खेळाबद्दल नाही, स्वतःबद्दल. झोप लागली का, कुणाला फोन करावासा वाटला, निकाल कळल्यावर मोबाइल उलटा ठेवलात का. मोसमाच्या शेवटी ती वही वाचा. नव्या संघाचा पराभव तुम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी आठवतच नसेल, तर तुम्हाला त्यांचा खेळ आवडतो, इतकंच. तो जरूर आवडू द्या, दुसरा संघ आवडणारे चाहते पुष्कळ असतात आणि त्यानं पहिल्याचं काही बिघडत नाही. आणि जुन्या संघाचा पराभवसुद्धा तुम्हाला स्पर्श करेनासा झाला असेल, तर नातं संपलेलं आहे. ते संपू शकतं. सतरा वर्षांचं नातं खोटं होतं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ते ओढूनताणून जिवंत ठेवणंही कुणाच्या भल्याचं नसतं. माझ्या पाहण्यात अशी मोजकी माणसं आहेत, आणि त्यातल्या एकानंही जुन्या क्लबच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला आपलंसं केलेलं नाही. ती एक रेघ जवळजवळ कुणीच ओलांडत नाही.

मित्रांशी कसं वागायचं, तर मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लँकेस्टर विद्यापीठात केलेला एक प्रयोग त्यांना सांगा. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाबद्दल लिहायला लावलं, मग एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं. वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडतो आणि घोटा धरून कळवळतो. अंगात युनायटेडची जर्सी असली तर बहुतेक जण मदतीला थांबले, लिव्हरपूलची असली तर फार थोडे. दुसऱ्या फेरीत संघाऐवजी 'फुटबॉल चाहता असण्याबद्दल' लिहायला सांगितलं. या वेळी लिव्हरपूलच्या जर्सीतल्या माणसाकडेही जवळजवळ तितकेच लोक धावले. साधा शर्ट घातलेला मात्र पुन्हा मागेच राहिला. संघ तुमचा असो की दुसरा, शनिवारी रात्री एकत्र बसणं थांबवू नका. उरलेली तिसरी दोरी तीच आहे.

आणि मुलगी. संशोधक सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरच्या बेसबॉल चाहत्यांची माहिती तपासली तेव्हा दिसलं की मुलगा आठ वर्षांच्या आसपास असताना जो संघ विजेता होतो, त्याची छाप मोठेपणीही राहते. स्त्रियांमध्ये असा ठसठशीत नमुना दिसला नाही. म्हणजे तिचं वय सात आहे म्हणून घाई करायचं कारण नाही. 'आपला संघ' म्हणून तुमचा गोंधळ तिच्या हाती देऊ नका. 'मी या संघाचा होतो, सध्या मला नीट कळत नाहीये' हे खरं उत्तर सात वर्षांच्या मुलीला नीट समजतं. सामने लावा, ती शेजारी बसली तर बसू द्या. बहुधा ती जर्सीच्या रंगावरून किंवा एखाद्या गोलरक्षकाच्या नावावरून तिसराच संघ निवडेल. मग तिच्याबरोबर तो संघ हरताना बघावा लागेल आणि ऑफसाइड काय असतो ते चार-चारदा समजावून सांगावं लागेल. त्याची तयारी ठेवा.